न जोडलेल्या भिंगऱ्या

आषाढ सरत आला की घरातली कापडं वेगळाच वास सोडू लागतात. नीट न वाळलेली खळ, तापलेली इस्त्री आणि कपाटातल्या डांबरगोळ्या, या सगळ्यांचा मिळून एक वास. परवा दुपारी सोनलच्या ओढणीवर इस्त्री फिरवत होते. वाफ तोंडावर आली. घरात काहीच झालेलं नव्हतं. खाली आमच्या गल्लीत झिरमिर पाऊस होता, कॉलेजच्या मुली एका छत्रीत तिघी-तिघी होऊन चालल्या होत्या, कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली. तरी मी इस्त्री उभी केली आणि न्हाणीघराच्या दाराकडे बघत राहिले. ते दार वाजलं की कान टवकारायचे, ही एका पावसाळ्यानं लावलेली सवय. वर्षं गेली, ती काही गेली नाही.

त्या पावसाळ्यात माझी मुलगी सोनल गरोदर होती आणि झोपून होती. सहावा महिना सरत होता. "वार खाली आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. त्यांनी कागदावर पेनानं एक पिशवी काढली, तिच्या तोंडाशी वारेचा एक ठिपका रंगवला आणि त्या ठिपक्यावर पेन आपटत सांगितलं, "पलंगावरून फक्त न्हाणीघरात जायचं. दुखेलच असं नाही. पण रक्त दिसलं की विचार करत बसू नका, गाडीत घाला आणि मिरजेला या."

दुखेलच असं नाही, हे वाक्य मला फार लागलं. दुखणार असेल तर माणूस आधी कळवळतो, हाक मारतो, आपल्याला कळतं. हे न दुखता येणार होतं. म्हणजे सोनल हसत असली तरी, जेवत असली तरी, झोपली असली तरी. तेव्हापासून मी घरात पाय न वाजवता चालू लागले. ती न्हाणीघरात गेली की मी दाराबाहेर उभी राहायची आणि तिला कळू नये म्हणून हातात एखादा टॉवेल धरायची. ती बाहेर आली की आधी तिच्या तोंडाकडे बघायची. ती मान हलवायची, नाही म्हणून. एवढंच. मग मी टॉवेल पुन्हा घडी घालून ठेवायची.

त्याआधी एकदा तिला दिवस गेले होते. पाचव्या महिन्यात तपासणीला गेलो तेव्हा पडद्यावर सगळं निपचित होतं. तेव्हा घरात टोपडी आली होती, दुपटी आली होती, तिच्या सासूबाईंनी वडूजहून एक इवलीशी वाकळ, त्यांच्याकडची गोधडी, शिवून पाठवली होती. ते सगळं कुठे ठेवलं, कुणी उचललं, हे आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. या खेपेला कुणी न सांगताच ठरलं होतं की बाळासाठी घरात काहीही आणायचं नाही. सुतळीचा तोडासुद्धा नाही.

जावई संतोष सैन्यात. त्याची बदली वर कुठेतरी बर्फातल्या चौकीवर होती, फोन लागला तर लागला. आमच्या यांना जाऊन बरीच वर्षं झालेली. मी एकटी. सरकारी कचेरीत आरेखक म्हणून जन्म गेला. कालव्यांचे, बांधांचे नकाशे काढले. रेघ सरळ आली पाहिजे, कोपरा कोपऱ्याला मिळाला पाहिजे, एवढं मला येत होतं. आजाऱ्याची सेवा मला येत नव्हती. म्हणून संतोषनं आईला पाठवलं.

इंदाबाई एका दुपारी एस.टी.नं आल्या. एका हातात बाजरीच्या पिठाचं पोतडं, दुसऱ्या हातात कापडाचं गाठोडं, खांद्याला पिशवी. आम्हा विहिणींची तोवर फारशी ओळख नव्हती. आम्ही सांगलीचे जैन, हळदीच्या पेठेतले. त्या वडूजच्या कोरडवाहू रानातल्या. पोरांनी आपलं आपण जमवलेलं. लग्नात आम्ही एकमेकींना साड्या दिल्या, त्यानंतर दिवाळीला फोन. आल्या आल्या त्यांनी पिशवीतून कांदे काढले, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पुन्हा पिशवीत टाकले.

"चातुर्मास हाय न्हवं तुमचा. इसरलेच बघा."

"राहू द्यात. तुम्ही खा की."

"आवं, ऱ्हाऊ द्या इनबाई. कांद्याबिगर मरत न्हाई कोन."

मरत नाही, हा शब्द त्यांच्या तोंडून गेला आणि त्यांनी घाईनं पिशवीचं तोंड आवळलं. त्या काळात भाषासुद्धा जपून वापरावी लागत होती.

इंदाबाईंना रिकामं बसता येत नव्हतं. स्वयंपाक माझा, झाडूपोछाला बाई, रान तर वडूजला. दुसऱ्या दिवशी त्यांनी गाठोडं सोडलं. जुन्या सुती साड्या, संतोषचे शाळेतले शर्ट, खणाचे तुकडे आणि एक अर्धवट वाकळ. सोनल पलंगावरून मान वळवून बघत होती. झोपून झोपून तिला छताच्या रंगातले पोपडे पाठ झाले होते.

"आई, ते काय आहे? चक्रासारखं?" तिनं सासूला विचारलं.

"ती भिंगरी. माज्या आयशीचा नमुना. चार तिकोनं अशी, चार अशी. वारा आला की फिरंल असं दिसतंया, व्हय ना?"

दिसत होती खरी भिंगरीच, पण लंगडणारी. तिरक्या तुकड्यांची टोकं शिलाईत गेली होती, मधोमध आठ टोकं एका जागी भेटायला हवीत तिथे कापडाचा गोळा झाला होता. एक चौकोन हातभर तर शेजारचा त्याहून चार बोटं कमी. माझ्यातली आरेखक जागी झाली. इंदाबाईंनी माझी नजर पकडली.

"वाकडी येतीया ती. आयची बी वाकडीच यायची. तिरकं कापड वढलं की लांबतंया, पिठावानी. किती धरलं तरी सुटतंय."

माझ्याकडे त्या वर्षी गोल पात्याचं कटर होतं, खाली अंथरायची हिरवी चटई होती, काचेसारखी आरपार पट्टी होती. निवृत्तीनंतर मोबाईलवर परदेशी बायकांचे व्हिडिओ बघून मी हा नाद लावून घेतला होता. पाव इंचाची शिलाई, ना केसभर इकडे ना तिकडे. मी ते सामान काढून जेवणाच्या टेबलावर मांडलं. इंदाबाईंनी कटरचं चाक बघितलं आणि हात पाठीमागे नेला.

"बया! ह्ये बोटं खाईल."

"त्याला झाकण आहे. काम झालं की झाकण लावायचं, विसरायचं नाही."

"पण इनबाई," त्यांनी आवाज उतरवला, "हे कुनासाठी म्हनायचं?"

सोनल ऐकत होती. पंख्याचा आवाज येत होता. मी म्हणाले, "कुणासाठी नाही. नमुना दुरुस्त करायचा. नुसते चौकोन करायचे. जोडायचे नाहीत."

"न्हाई जोडायचं," इंदाबाई लगेच म्हणाल्या. "सुट्टं कापड म्हंजे काय वाकळ न्हवं."

देवासमोर कबूल करावं तसं आम्ही ते बोललो. कोण ऐकत होतं, कुणाला फसवत होतो, कोण जाणे. पण त्या बोलीवर आमचं काम सुरू झालं.

जुनं कापड ढिलं असतं. आधी त्याला खळ घालून, इस्त्री करून कागदासारखं ताठ करावं लागतं, तरच ते पात्याखाली हलत नाही. पावसात खळ वाळता वाळत नाही. घरभर दोऱ्या बांधल्या, त्यावर खळीतले तुकडे, खाली सोनल, आणि मी इस्त्री घेऊन त्या ओल्या वासात उभी. तो वास माझ्या नाकात तेव्हा बसला.

इंदाबाईंच्या आईची पद्धत म्हणजे आधी त्रिकोण कापायचे, मग तिरक्या कडा एकमेकींना शिवायच्या. तिथेच सगळं बिघडत होतं. मी त्यांना दुसरी रीत दाखवली. एक गडद चौकोन, एक फिका चौकोन, तोंडाला तोंड लावून ठेवायचे. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पेन्सिलीची रेघ. रेघेच्या दोन्ही बाजूंना पाव पाव इंचावर शिलाई मारायची आणि मग रेघेवर कापायचं. उघडलं की दोन चौकोन तयार, प्रत्येकात अर्धं गडद, अर्धं फिकं. असे चार मिळून एक भिंगरी. तिरकी कड हातात धरावीच लागत नाही, मग ताणेल कशी? चौकोन मुद्दामच थोडे मोठे घ्यायचे आणि शेवटी पट्टी ठेवून चारी बाजूंनी तासायचे.

इंदाबाईंनी पहिला चौकोन उघडला आणि उलटासुलटा करून बघितला.

"आगं बया! शिवलं सरळ अन् निघालं तिकोन?"

"आणि एकदम दोन निघाले," पलंगावरून सोनल म्हणाली.

"आयला दावाया पायजे हुतं गं," इंदाबाई म्हणाल्या. त्यांच्या आईला जाऊन बराच काळ लोटला होता, पण त्या हे असं म्हणाल्या की जणू ती शेजारच्या गल्लीत राहते.

शिवणयंत्राच्या सुईपासून पाव इंचावर मी चिकटपट्टीचे थर एकावर एक चढवून छोटा बांध केला. कापडाची कड त्या बांधाला घासत गेली की शिलाई चुकत नाही. इस्त्री करताना एका ओळीतली शिलाई डावीकडे पाडायची, दुसऱ्या ओळीतली उजवीकडे. मग दोन ओळी एकावर एक ठेवल्या की बोटाला कळतं, शिलाया एकमेकींत अडकून बसतात. इंदाबाई डोळे मिटून ती जागा चाचपायच्या आणि "बसली," म्हणायच्या. काही दिवसांत त्यांचा हात माझ्यापेक्षा वेगानं चालायला लागला. कटरची भीतीही गेली. चाक फिरवताना जीभ दातात धरायच्या आणि झाकण लावताना मोठ्यानं सांगायच्या, "लावलं!" सोनल पलंगावर मोबाईलमध्ये रंग भरून बघायची, कुठला चौकोन कुठे शोभेल ते ठरवायची. संतोषच्या निळ्या शाळेच्या शर्टाशेजारी सासूच्या जुन्या पिवळ्या साडीचा तुकडा, ही निवड तिची.

बाहेरून कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, काय मजेत आहेत तिघी. मला मात्र आठवतं ते वेगळंच. यंत्र थांबलं की खोलीत जी शांतता यायची ती. आम्ही तिघी एकाच वेळी एकाच गोष्टीचा विचार करायचो आणि कुणीतरी घाईनं पाय यंत्राच्या पेडलवर ठेवायचं. मी तासलेला चौकोन पुन्हा मोजायची, बरोबर असला तरी. पोटातल्या त्या ठिपक्याला पट्टी लावता येत नव्हती. त्याची कड कुठे आहे, ती सुटतेय का, हे मला कुणीच सांगू शकत नव्हतं. मग मी जे मोजता येईल तेच मोजत बसायची.

कधी कधी बाळ हललं नाही असं सोनलला वाटायचं. ती पोटावर हात ठेवून भिंतीकडे तोंड करायची. इंदाबाईंना ते पाठीवरून ओळखता यायचं. त्या गूळ घालून गार पाणी द्यायच्या आणि पलंगाशेजारी जमिनीवर बसून राहायच्या. किती वेळ जायचा ते मला सांगता येणार नाही. मग सोनल म्हणायची, "हललं." इंदाबाई उठून यंत्राकडे जायच्या. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहायची.

भिंगऱ्या होत गेल्या. त्यांची चळत टेबलाच्या कोपऱ्यावर वाढत गेली. नेमक्या, एकसारख्या, आठही टोकं मधे येऊन टेकलेल्या. एकही दुसरीला जोडलेली नाही.

श्रावणात वरच्या धरणांच्या भागात पाऊस लागला आणि नदी चढायला लागली. सांगलीत हे नवं नाही. इथली माणसं पाण्याच्या बातमीवर जेवतात आणि झोपतात. आमचा विश्रामबाग भाग उंचावर, आमच्या गल्लीत पाणी येत नाही. पण नदीकाठच्या गावभागातली माणसं वर यायला लागली. ट्रॅक्टरवर फ्रीज, गाद्या, देव्हारा, त्यावर प्लॅस्टिकचा कागद आणि कागदाखाली म्हातारी माणसं. खिडकीतून मी ते बघत होते. इतके दिवस मी मिरजेचा रस्ता मनात पाठ केला होता: कुठे वळायचं, कुठे खड्डा, कुठे फाटक. आता त्या रस्त्यावर हे सगळं उभं होतं.

आणि त्याच दिवशी, जेवणं आटोपल्यावर, न्हाणीघराचं दार वाजलं. मी टॉवेल घेऊन उभी होते. सोनल बाहेर आली. तिनं मान हलवली नाही.

"आई," ती म्हणाली. फार हळू, मला घाबरवू नये म्हणून. तिच्या पायांखालची फरशी लाल होती.

त्यानंतरचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. इंदाबाईंनी दोरीवरच्या साड्या ओढून घेतल्याचा आवाज. लिफ्टमधे सोनलच्या नखांची माझ्या दंडावरची पकड. मी गाडी चालवू शकेन का, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही; दुसरं कोण होतं? मागच्या सीटवर इंदाबाईंनी सुनेचं डोकं मांडीवर घेतलं होतं. मुख्य रस्त्यावर आलो आणि पुढे ट्रॅक्टर, त्यापुढे टेंपो, त्यापुढे आणखी टेंपो. हॉर्न वाजवून काही हलेना. काच खाली केली तर पाऊस आत आला. मला ओरडता येईना. मागून इंदाबाईंनी दार उघडलं, त्या भर पावसात उतरल्या आणि गाडीच्या पुढे चालायला लागल्या. डोक्यावर पदर नाही, हात वर, आणि एवढा मोठा आवाज मी त्यांच्या तोंडून त्याआधी कधी ऐकला नव्हता.

"व्हा बाजूला! पोरगी अडलीया माजी! आरं, घे की रं ट्रॅक्टर कडंला!"

माणसं उतरली. कुणीतरी फ्रीज लादलेली गाडी गटाराच्या कडेपर्यंत नेली. पुराच्या पाण्यातून सुटून आलेली माणसं ती, त्यांना अडचण समजवावी लागली नाही. वाट मोकळी झाली तशा इंदाबाई धावत येऊन आत बसल्या, ओल्याचिंब, आणि सोनलचं डोकं पुन्हा मांडीवर घेतलं. "आई, डोळे मिटायला लागलेत," सोनल म्हणाली. "मिटू नगंस. माज्याशी बोल. भिंगरीचं निळं कुटं लावायचं ते सांग." सोनल सांगत होती. आरशात मला तिचे ओठ हलताना दिसत होते. ओठ हलत होते तोवर मी गाडी चालवली.

मिरजेच्या त्या दवाखान्यात तिला ढकलत आत नेलं आणि दोन झडपांचं दार बंद झालं. आम्ही बाकावर बसलो. दोघींच्या अंगावर तिचं रक्त होतं. संतोषचा फोन लागत नव्हता. इंदाबाई हातातलं काहीतरी शोधत असल्यासारखी बोटं हलवत होत्या.

"इनबाई," त्या म्हणाल्या, "मी लय भ्यालीय."

मी त्यांचा हात धरला. मला वाटत होतं त्या खंबीर आहेत, म्हणून मी त्यांच्यासमोर घाबरत नव्हते. त्यांनाही माझ्याबद्दल तसंच वाटत होतं.

"पयली वाकळ कुटं गेली, तुमी कवा इचारलं न्हाई," त्या थोड्या वेळानं म्हणाल्या. "मीच नेली हुती माघारी. जाळावी वाटंना, ठेवावी वाटंना. रानात धनगराची मेंढरं बसली हुती. त्यातल्या एका बाईला नुकतंच पोर झालं हुतं. तिला दिली. मनाला म्हनलं, कुनाचं तरी निजंल त्यात. पन ह्या खेपंला रोज वाटतंया, दिली ती चूक झाली का काय. आपल्या पोराचं आपन दुसऱ्याला दिलं का काय."

"नाही हो, इंदाबाई. असं नसतं."

"नसतंच. कळतंया मला. पन वाटतंया."

मला तरी काय वेगळं वाटत होतं? आम्ही शिवत बसलो म्हणून हे झालं का, हा प्रश्न माझ्याही घशाशी आला होता. मी तो गिळला. नकाशे काढणाऱ्या बाईच्या डोक्यातही भीती शिरली की ती अशीच कुठूनही वाट काढते.

दार उघडलं. सोनल वाचली होती. मुलगी झाली होती, वेळेच्या फार आधी. परिचारिकेनं आमच्यासमोरून ती झर्रकन नेली. मला फक्त एक लाल, सुरकुतलेला पाय दिसला, माझ्या अंगठ्याएवढा.

भीती संपली असं वाटण्याचा तो क्षण असायला हवा होता. खरं तर ती तिथून सुरू झाली. बाळ काचेच्या पेटीत होतं. आम्हाला हात धुऊन, अंगरखा घालून थोडा वेळ बघू द्यायचे. एकदा मी आणि सोनल तिथे उभ्या असताना यंत्र टीं टीं वाजायला लागलं. बाळाची छाती हलत नव्हती. परिचारिकेनं शांतपणे पेटीच्या खिडकीतून हात घातला आणि तळपायावर टिचकी मारली. बाळानं अंग आखडलं, श्वास घेतला. आवाज थांबला.

"एवढ्या लहान बाळांना कधीकधी श्वास घ्यायची आठवण राहत नाही," ती म्हणाली. "आठवण करून द्यावी लागते."

मी भिंतीला टेकले. श्वास घ्यायची आठवण! आणि घरी गेल्यावर आपण झोपायचं कसं? या क्षणी कुणी टिचकी मारतंय की नाही, हे आपल्याला कसं कळणार?

सोनल खाटेवर परत आली. चादर अंगावर ओढून घेतली. मग म्हणाली, "आई, त्या भिंगऱ्या जोडा."

"जोडू की. आधी तिला घरी तर येऊ दे."

"नाही. आत्ता जोडा."

"सोनल, जरा थांबू या. थोडं वजन वाढू दे."

तिनं माझ्याकडे बघितलं. इतकी पांढरी पडली होती की ओठ आणि गाल एकाच रंगाचे. "ती आत्ता आहे ना, आई? जी आहे तिच्यासाठी शिवा. घरी येईल त्या बाळासाठी नको. या बाळासाठी. उद्या काही झालं तर तिच्या नावाची एक वस्तू तरी झालेली असू दे. मागच्या खेपेचं आपण नावसुद्धा घेतलं नाही."

मी इंदाबाईंकडे बघितलं. मला वाटलं त्या तरी नको म्हणतील. त्या पदरानं नाक पुसत होत्या.

"जोडू या इनबाई," त्या म्हणाल्या. "भ्या तर न जोडता बी वाटतंयच की."

घरी येऊन आम्ही टेबलावर चळत उघडली. सोनलनं मोबाईलमध्ये ठरवलेली मांडणी समोर ठेवली, चार आडव्या, चार उभ्या. यंत्रावर इंदाबाई बसल्या. मी दोन ओळी एकावर एक ठेवून शिलाया अडकवायची, टाचणी लावायची आणि त्यांच्या हातात द्यायची. चिकटपट्टीच्या बांधाला धरून कापड सरकत गेलं. एवढ्या दिवसांची मोजणी फळाला आली. कोपऱ्याला कोपरा मिळत गेला, कुठे ओढावं लागलं नाही. इंदाबाईंच्या आईची भिंगरी पहिल्यांदाच टोकदार होऊन फिरायला लागली. मधे त्यांनी स्वतःची विरलेली सुती साडी घातली, वरून हातानं धावदोरा घातला, कडेकडून आत, जशी त्यांच्याकडे रीत आहे. त्या टाक्यांना मी पट्टी लावली नाही.

मग ती वाकळ गरम पाण्यात उकळली, खळ काढली, उन्हाची वाट बघता येत नव्हती म्हणून इस्त्रीनं वाळवली. वाफ तोंडावर येत होती आणि मी सारखी घड्याळाकडे, फोनकडे बघत होते. दवाखान्यातून फोन आला तर? आपण इथे इस्त्री करत असताना आला तर? फोन वाजला तेव्हा माझ्या हातून इस्त्री पडायची राहिली. संतोष होता. निरोप पोचला होता, रजा मिळाली होती. "आई, आहेत ना दोघी?" एवढंच विचारलं. "आहेत," मी म्हणाले. तेवढंच मला खात्रीनं सांगता येत होतं.

परिचारिकेनं वाकळ उलटून पालटून बघितली आणि पेटीवर पांघरली. डोळ्यांवर उजेड नको म्हणून तिथे तसं करतात. बाळाच्या अंगाला ती लागली नाही, पण काचेतून आत निळी-पिवळी सावली पडली. त्या सावलीत तिची छाती वर-खाली होत होती. आम्ही दोघी आजी काचेला नाक लावून तेवढंच बघत राहिलो. वर. खाली. वर.

वजन वाढत गेलं, तोळ्या-माशानं. टिचक्या कमी झाल्या. पाणी उतरलं, ट्रॅक्टर परत गावभागात गेले, माणसांनी घरातला गाळ काढला. नवरात्राच्या आधी आम्ही तिला घरी आणलं. दाराशी ओवाळताना इंदाबाईंचा हात इतका हलत होता की निरांजन विझलं. आमच्या दोघींच्या अंगावर काटा आला. सोनलनं काडेपेटी घेतली, पुन्हा लावलं आणि म्हणाली, "वारा होता."

त्या वाकळीचं पुढे काय झालं म्हणाल तर जे सगळ्या वाकळींचं होतं तेच. तिच्यावर दूध सांडलं, औषध सांडलं, धुऊन धुऊन रंग गेला. आता ती बाहुल्यांच्या अंगावर असते. सोनल आणि संतोषनं त्या मुलीचं नाव ओवी ठेवलं. ती आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहते, शाळेत जाते, आणि तिचे पाय आता इतके वाजतात की शेजारचे तक्रार करतात.

भीती मात्र पूर्वीच्याच मापाची आहे. आभाळ आलं की वडूजहून इंदाबाईंचा फोन येतो. तिकडे पाऊस पडतोच असं नाही, पण बातम्यांत त्यांना सांगलीचं नाव ऐकू येतं. परवा इस्त्री उभी करून मी न्हाणीघराकडे बघत होते तेवढ्यात फोन वाजला.

"इनबाई, पानी किती हाय?"

"नदी नेहमीसारखीच आहे. काळजी करू नका."

"करत न्हाई. पोरगी कुटं हाय?"

"इथेच आहे. खोलीत खेळतेय."

"बरी हाय न्हवं? आवाज ऐकवा की जरा."

मी फोन घेऊन खोलीत गेले. ओवीनं खुर्च्यांवर चादर टाकून गुहा केली होती आणि ती तिच्या आत होती. मी चादरीच्या फटीतून फोन आत सरकवला. "वडूजची आजी आहे. बोल."

आत थोडा वेळ काहीच आवाज नाही. मी श्वास धरला. मला माहीत आहे, पलीकडे इंदाबाईंनीही धरला होता.

मग गुहेतून, थेट वडूजच्या बोलीत, खणखणीत आवाज आला, "आजी, मी लय कामात हाय! मागनं कर!"

आणि आमच्या दोघींच्या भीतीसकट तिनं फोन बंद केला.